२०० तासांचा कोर्स झालाय, पण वर्गात माणसं टिकत नाहीत: पुढे काय शिकावं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दिग्रसकडचे, वय सत्तावीस. ऑनलाइन २०० तासांचा योगशिक्षक कोर्स झालाय, शीर्षासन, मयूरासन चांगलं जमतं. दसऱ्यानंतर गावच्या समाजमंदिरात पहाटे साडेपाचचा वर्ग सुरू केलात. पहिल्या आठवड्यात तीस जण आले, त्यात अठरा बाया. महिनाभरात पाच उरले आणि त्यात बाई एकही नाही. आता तुम्ही विचारताय, पुढचा ५०० तासांचा कोर्स करू का, माझं ट्रेनिंग कमी पडतंय का.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात बावीस वर्षांपासून वर्ग घेते. ट्रेनिंग कमी पडतंय हे खरं आहे. पण जे कमी पडतंय ते ५०० तासांत मिळेलच असं नाही. तुम्हाला आसन करता येतं, करून दाखवता येतं, नीट सांगताही येत असेल. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचं कसं, हे मात्र तुम्हाला कोणी शिकवलेलं दिसत नाही. त्यात तुमचा दोष नाही. मोबाईलच्या पडद्यावर ते शिकवताच येत नाही.

पण आधी एक ओझं तुमच्या डोक्यावरून उतरवते. दसऱ्यानंतर वर्ग सुरू केलात ना? सोयाबीनची सोंगणी आटोपत नाही तोच कापसाची वेचणी लागते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जी बाई लवकर वावरात पोचते तिच्या हातात संध्याकाळी दोन पैसे जास्त येतात. ती चारला उठते, सडा-सारवण, पाणी, स्वयंपाक, लेकरांचे डबे, आणि सातच्या आत ऑटोत बसते. साडेपाच ते साडेसहा हा तास तिच्याजवळ नाहीच. अठरा बाया आठवडाभर आल्या, याचा अर्थ त्यांना खरंच काहीतरी हवं होतं. २१ जूनचंही आपल्याकडे असंच होतं. २०१५ पासून तो दिवस योग दिन म्हणून साजरा होतो, पण तेव्हा मृग लागलेला असतो आणि पाऊस आला की पेरणीची घाई. मैदानात शाळेची पोरं आणि कर्मचारी असतात, शेतकरी वावरात असतो.

मी नवा वर्ग फेब्रुवारीअखेर सुरू करते. कापूस बहुतेक घरी आलेला असतो, हरभरा निघाला की मार्च-एप्रिलमध्ये वर्ग भरतो. मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या वर जातं, तेव्हा पाचला सुरू आणि सहाला बंद. वेचणीच्या दिवसांत सकाळी काहीच नाही. संध्याकाळी, जेवणाआधी, वीस मिनिटं, आणि तीही जवळजवळ सगळी पडूनच. त्याला माणसं येतात.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. तुमच्या कोर्समध्ये सूर्यनमस्कार, पादहस्तासन (उभ्याने पुढे वाकणं), पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं), मग मांड्या आणि कंबर मोकळी करणारी आसनं, हा क्रम असणार. हा क्रम खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी चांगला आहे. त्याच्या मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात, उकिडवं बसता येत नाही, म्हणून त्याला तिथून मोकळं करतात. आपल्या गावातली बाई तासन् तास उकिडवी बसून निंदण करते. वेचणीत कमरेला झोळी बांधून अर्धी वाकून ओळीच्या ओळी संपवते. झोळीत कापूस भरत जातो तशी ती आणखी पुढे ओढली जाते. तिच्या पाठीचे स्नायू आणि मणक्यांचे बंध दिवसभर ताणलेलेच असतात. तिला पहाटे उठवून पुन्हा वाकायला सांगायचं, म्हणजे वावरातलं काम समाजमंदिरात करून घेतल्यासारखं झालं.

त्यात पहाटेची आणखी एक गोष्ट आहे. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यानंतरचा पहिला तास-दीड तास पुढे वाकलं तर त्यांच्यावर दिवसातल्या इतर वेळेपेक्षा जास्त ताण येतो. हळूहळू चालण्या-फिरण्याने ते पाणी कमी होतं आणि कंबर वाकायला तयार होते. म्हणून पहाटेच्या वर्गात सुरुवातीलाच पादहस्तासन मी कोणालाच देत नाही, तरुण पोरांनाही नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. २००३ साली, वर्गाच्या दुसऱ्याच हिवाळ्यात, पंचेचाळीशीच्या एका मजूर बाईंना मी पश्चिमोत्तानासन दिलं. हात पायाच्या बोटांपर्यंत पोचत होते, म्हणून मला वाटलं यांना छान जमतंय. मी म्हटलं, अजून थोडं, कपाळ गुडघ्याला लावा. त्यांनी लावलंही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले तर खाटेवर कुशीवर पडलेल्या, उठून बसता येत नव्हतं. आठ दिवसांची मजुरी बुडाली, ऐन वेचणीत. त्यांची जाऊ मला दारातच म्हणाली, "मॅडम, दिवसभर वाकूनच तं रायतो आमी. तुमच्या इथं येऊन बी वाकाचंच काय?" त्या वाक्यावर माझी सगळी शिकवण बदलली. मी त्या बाईंची आठ दिवसांची मजुरी भरून दिली, पण तो आठवडा मला अजून टोचतो.

त्यानंतर मी वर्गाचा क्रमच उलटा केला. आधी उभ्याने, भिंतीला पाठ लावून ताडासन. टाचा, ढुंगण, खांदे भिंतीला टेकतात का ते बघायचं. बऱ्याच जणांचे खांदे टेकतच नाहीत, तिथेच त्यांना कळतं की आपण पुढे झुकलोय. मग भिंतीला तळवे लावून छाती उघडणं. मग पोटावर पडून मकरासन, त्यातून अगदी उथळ भुजंगासन, नाभी जमिनीवरच ठेवून. एका-एका पायाने शलभासन, म्हणजे पोटावर पडूनच एकेक पाय मागे उचलणं. उताणं झाल्यावर सेतुबंध, म्हणजे गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. आणि शेवटी शवासन, पण पोटऱ्या खाटेवर किंवा स्टुलावर ठेवून, गुडघे काटकोनात. हे शेवटचं तुम्ही उद्याच करून बघा. दिवसभर वाकलेल्या माणसाची कंबर त्या अवस्थेत पाच मिनिटांत जमिनीला टेकते आणि त्याच्या तोंडून आपोआप मोठा श्वास सुटतो. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींनी दोऱ्या, खुर्च्या, लाकडी ठोकळे वापरून आजारी आणि म्हाताऱ्या माणसांनाही आसनात विसावा मिळवून दिला. आपल्या गावात ठोकळे नसतील, पण पाट, खाट, उशी, दुपट्टा प्रत्येक घरात आहे. ज्यांना मांडी घालून बसल्यावर पाठ सरळ ठेवता येत नाही त्यांना पाटावर घडी केलेलं पोतं टाकून बसवा. गुडघे कमरेच्या खाली आले की पाठ स्वतःच उभी राहते.

अर्थात गावात सगळेच वावरात राबणारे नसतात. बँकेतला कारकून, मास्तर, किराणा दुकानदार यांना पुढे वाकणं हवंच आहे. ट्रॅक्टर चालवणाऱ्याची कंबर हादऱ्यांनी दुखते, त्याचं गणित आणखी वेगळं. तुमच्या पाचात कोण आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. बहुधा पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असावीत. त्यांच्यासाठी तुमचा आहे तो वर्ग चांगलाच असेल.

मग बघायला शिकायचं कुठे? माझं स्वतःचं सांगते. नागपूरला मी वर्षभराची पदविका केली. परीक्षा पास झाले, आणि नंतर एका वयस्कर बाईंच्या वर्गात मदतीला राहिले. त्यांनी मला पहिले तीन महिने काहीच शिकवू दिलं नाही. "मागे उभी राहा आणि फक्त टाचा बघ," म्हणाल्या. एक महिना टाचा. कोणाचा भार आतल्या बाजूला पडतो, कोणाची चप्पल बाहेरून झिजली आहे, कोण एका पायावर उभं राहताना दुसरा पाय घट्ट आवळतं. दुसरा महिना गुडघे. तिसऱ्या महिन्यात मान आणि चेहरा. रोज घरी जाऊन वहीत लिहायचं, नाव आणि एक ओळ. सुरुवातीला मला हा वेळेचा अपव्यय वाटला. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की कोणाचं काय दुखतंय हे मला त्यांनी सांगायच्या आधीच कळायला लागलंय. ज्याची मान आसनात ताठ होते आणि ओठ आवळले जातात तो श्वास धरून बसलेला असतो. पतंजलींनी योगसूत्रांत आसनाबद्दल पहिलं जे सांगितलं ते हेच, की ते स्थिर आणि सुखाचं असावं. सुख आहे की नाही हे चेहऱ्यावर दिसतं, हातपाय कुठवर पोचले यावर नाही.

म्हणून माझा सल्ला असा. नवा कोर्स घेण्याआधी एखाद्या जुन्या शिक्षकाच्या वर्गात निदान एक उन्हाळा मागे उभे राहा. नागपुरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे वर्ग अनेक वर्षांपासून चालतात. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचं, शरीराकडे बघायची त्यांची जुनी परंपरा आहे. रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात योगाचं शिक्षण मिळतं. तिथे जाऊन चौकशी करा, बसून बघायला मिळेल का म्हणून विचारा. दिग्रस-पुसदकडे एखादे निवृत्त मास्तर वर्षानुवर्षं वर्ग घेत असतील तर तेही चालतील. मोठं नाव नको, रोज भरणारा वर्ग हवा.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर ते तुम्हाला काय करायचंय यावर अवलंबून आहे. शाळेत, सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात सत्रागणिक मानधनावर किंवा एखाद्या संस्थेत लागायचं असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा द्या. २०० तासांवर प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, ४०० वर वेलनेस इन्स्ट्रक्टर, असे त्यांचे टप्पे आहेत. सरकारी जाहिरातीत बहुधा तेच विचारतात. खासगी संस्थेच्या ५०० तासांना तिथे किती किंमत आहे हे पैसे भरण्याआधी बघा. फक्त गावात शिकवायचं असेल तर कोणी कागद मागणार नाही. गाव कंबरेचं दुखणं कमी झालं का ते विचारतं.

आता जे कोर्समध्ये हमखास राहून जातं आणि आपल्या भागात जिवावर बेतू शकतं, ते सांगते. हे नीट वाचा.

विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, बराच आहे. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी, एकेकट्याला बाजूला घेऊन विचारा, तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं, दमछाक झाली, थंडी बाधली किंवा रक्तात प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांमध्ये अडकतात आणि असह्य दुखणं सुरू होतं. म्हणजे जोरजोरात भस्त्रिका (भात्यासारखा श्वास), श्वास रोखून धरणं, उपाशीपोटी पाणी न पिता पन्नास सूर्यनमस्कार, थंडीत उघड्यावर वर्ग, यातलं काहीही त्या माणसाला चालत नाही. साधा सावकाश श्वास, थोडी सोपी आसनं, मध्ये पाणी, अंगावर गरम कपडा, एवढं बास. आणि तेही त्याच्या डॉक्टरांना विचारून. ज्याच्यात फक्त वाहकाचा गुण आहे तो सहसा धडधाकट असतो, पण त्यालाही दमेपर्यंत पळवू नका, पाणी प्यायला लावा. बाकीच्यांनाही कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, घाईने देऊ नका. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात सांगितलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा श्वास वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या माणसांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं, बायांचं. डोक्यावर पाण्याच्या घागरी, सरपणाचे भारे, बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांतच काम, यामुळे गावात कित्येक बायांना अंग बाहेर येण्याचा (गर्भाशय खाली सरकण्याचा) त्रास असतो. त्या तो डॉक्टरलाही सांगत नाहीत, तुम्हाला तर नाहीच नाही. माझ्या वर्गात चार वर्षं येणाऱ्या एक मावशी एकदा सगळ्या गेल्यावर मागे राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "कपालभाती केली का खाली काईतरी उतरते व माय." चार वर्षं मी त्यांच्याकडून रोज कपालभाती करून घेत होते. पोटावर असा झटक्याने दाब देणाऱ्या क्रिया, नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलणं, हे त्या त्रासात वाईट. तेव्हापासून मी जोराची कपालभाती सर्वांना एकत्र देतच नाही. ज्याला हवी त्याला वेगळं विचारून देते. तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला हे कोणी सांगणार नाही, म्हणून त्रास आहे पण सांगितला जात नाही असं धरूनच शिकवा. आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीला, वर्गात बोलवा, त्यांच्याजवळ बाया बोलतात. गरज पडली तर आशाताईच त्या बाईला दवाखान्यातही घेऊन जातील.

तिसरं, फवारणी. तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने किती माणसं गेली हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवसांत कोणी डोकं जड, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुक, छातीत कोंडल्यासारखं, खूप घाम अशी तक्रार घेऊन आला आणि काल फवारणी केली असं म्हणाला, तर त्याला अनुलोम-विलोम करायला बसवू नका. गाडी काढा आणि तडक दवाखान्यात न्या.

बीपी, काचबिंदू, हर्निया, गरोदरपण यांचे नियम तुमच्या कोर्समध्ये आले असतील, ते पाळा. साखर घालवून देतो, बीपीची गोळी बंद करून देतो, असं मात्र कधीही बोलू नका. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था सुरू केली तेव्हापासून क्रियेने शरीरात काय होतं ते आधी मोजायचं, मग बोलायचं, ही शिस्त महाराष्ट्रात आहे. ती आपण खेड्यात बसून मोडू नये. गोळी डॉक्टर ठरवतील.

बाया का गेल्या, याचं आणखी एक कारण मला दिसतं, ते स्पष्ट लिहिते. तुम्ही तरुण पुरुष, समाजमंदिरात सगळे एकत्र, साडी नेसलेली बाई सर्वांगासन किंवा नौकासन करणार कशी? आणि आसन सुधारायला तुम्ही हात लावला असेल, भले चांगल्या मनाने. गावात एकीला जरी अवघडल्यासारखं झालं तरी बाकीच्या न सांगता घरी राहतात. हात लावूच नका. भिंत, पाट, काठी यांना सुधारू द्या. "खांदा काठीला टेकवा" म्हटलं की काम होतं. बायांचा वर्ग वेगळा घ्या, तुमच्या आई किंवा वहिनी रोज तिथे असू द्या, आणि पुरुष मागून बघत उभे राहणार नाहीत याची काळजी घ्या. पाय वर करायची आसनं काढून टाका, त्याविनाही वर्ग पूर्ण होतो. दोन वर्षांनी त्यातलीच एखादी बाई शिकवायला तयार झाली तर तिला ट्रेनिंगला पाठवा. तुमच्या ५०० तासांच्या पैशांचा तो जास्त चांगला उपयोग होईल, असं मला मनापासून वाटतं.

बोलण्याबद्दलही थोडं. संस्कृत नावं जरूर सांगा, लोकांना ती आवडतात. पण सूचना आपल्या बोलीत द्या आणि एका आसनाला तीनच. "पूरक करा, रेचक करा" याने माणूस गोंधळतो. "दम घ्या, हळू सोडा" म्हटलं की सगळे एका सुरात सोडतात. सोडणं घेण्यापेक्षा लांब असू द्या, मोजायला सांगू नका, मोजायला लागले की खांदे वर चढतात. तुम्ही स्वतः करून दाखवत राहिलात तर तुमची पाठ त्यांच्याकडे होते आणि तुम्हाला कोणीच दिसत नाही. एकदा दाखवा आणि मग चटई सोडून त्यांच्यात फिरा. शीर्षासन, मयूरासन घरी करा, वर्गात नको. ते बघून माणसं टाळ्या वाजवतात आणि मनात ठरवतात की हे आपलं काम नाही.

तर आत्ता, नवीन कोर्सचे पैसे भरण्याआधी: वेचणी संपेपर्यंत सकाळचा वर्ग या पाच जणांसाठी राहू द्या. संध्याकाळी वीस मिनिटांचा पडून करायचा वर्ग तुमच्या आईच्या मैत्रिणींपासून सुरू करा, घरच्या ओसरीवर चालेल. एक शंभर पानी वही आणा. पहिला आठवडा फक्त टाचा बघा, रोज प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा. आठ दिवसांनी ती पानं इथे टाका, नावं झाकून. मी वाचते आणि मग कोणाला काय द्यायचं ते आपण एकेकाचं बघू.